दाबलेले बारा ठिपके

अठरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं; विसरणाऱ्याला निदान माफी तरी असते. मी ते पत्र शब्दकोशाच्या मागे ठेवलं होतं, आणि शब्दकोश मला रोज लागायचा.

पत्राला शाई नव्हती. जाड पिवळसर कागदावर टोचून उठवलेले ठिपके होते, आंधळी माणसं बोटांनी वाचतात ते. मला ते डोळ्यांनी वाचता येतात. मजकूर थोडाच होता:

"वाळवीबुवा, तुम्ही नकलून दिलेले प्रश्न पाठ झाले. चौथ्या प्रश्नाखाली उत्तर नाही. चर्चचे पाळक म्हणतात, जागा कोरी आहे. कोरी नाही ती. तिथे एक शब्द आधी टोचलाय आणि मग नखाने दाबून सपाट केलाय. डोळ्यांना दिसत नसेल, बोटाला लागतो. का दाबलात, हे समोर विचारलं असतं तर तुम्ही खोकला असतात, चष्मा पुसला असतात आणि हवापाण्याचं काहीतरी बोलला असतात. म्हणून लिहून विचारतो. उत्तर तुमच्या हातचं पाठवा. तोवर मी थांबतो."

लिहिणारे माझे मित्र होते. मित्र म्हणताना मला अजूनही संकोच वाटतो, कारण मैत्री त्यांनी केली, मी ती होऊ दिली. ते वेताच्या खुर्च्या विणायचे. जन्मापासून आंधळे. मी अंधांच्या वाचनालयात नकलनवीस होतो. छापील पुस्तक समोर ठेवायचं, पाटीत जाड कागद अडकवायचा आणि टोचणीने एकेक अक्षर टोचत जायचं, तेही उजवीकडून डावीकडे, कारण ठिपके कागदाच्या पलीकडच्या अंगाला उठतात. कागद उलटवला की सगळं सरळ होतं. दिवसभर मान खाली घालून कुणाशी न बोलता करायचं काम. माझ्यासारख्या माणसाला देवानेच शोधून दिलं असावं, असं मला वाटे. तेव्हा देवाबद्दल माझं मत एवढंच होतं.

खुर्चीवाले दर शनिवारी पुस्तक बदलायला येत. डाव्या हाताच्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली असे. वेत विणून त्यांच्या नऊ बोटांना घट्टे पडले होते, पण वाचायचं बोट ते कामात वापरतच नसत. "हे बोट बिनकामाचं आहे," ते म्हणत, "घरजावयासारखं जपावं लागतं." आमच्या टेबलाशी येऊन चिंधी सोडायचे, बोट दोनदा हवेत हलवायचे आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर ठेवायचे. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "हे सगळं तुम्ही टोचलंत? म्हणजे लाकूड मी पोखरतो आणि कागद तुम्ही. वाळवीच म्हणायची तुम्हाला." तेव्हापासून मी वाळवीबुवा. वाचनालयात माझं खरं नाव घेणारं पुढे कुणी उरलं नाही.

चर्चमधल्या खुर्च्यांचं काम त्यांना मिळालं, म्हणून ते चर्चमध्ये जायला लागले. साठ खुर्च्या होत्या, वर्षभर चाललं. काम संपलं तरी जाणं संपलं नाही. एका शनिवारी म्हणाले, "वाळवीबुवा, उद्या मला तिथं सोडायला या. रस्ता खणलाय, काठी अडकते." मी सोडायला गेलो आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलो. पुढच्या रविवारी रस्ता बुजवलेला होता, तरी गेलो.

त्यानंतर सहा वर्षं मी त्याच खुर्चीवर बसलो. पाळकांकडची पुस्तकं आणून वाचली, मग त्यांच्याकडे नव्हती तीही मिळवून वाचली. पाळक हसून म्हणायचे, "तुमची परीक्षा घ्यायला बसलो तर मीच नापास होईन." मला ते ऐकून बरं वाटायचं, आणि घरी जाताना लाज वाटायची. मला ठाऊक होतं की मी जे करतो आहे ते पोहायच्या पुस्तकाची पारायणं आहेत.

खुर्चीवाले एकदा सरळच म्हणाले, "मी उतरतोय पाण्यात, बाप्तिस्मा घ्यायला. तुम्ही?"

मी म्हणालो, "माझाही विचार आहे."

"विचार तुमचा मी पाळण्यात असल्यापासून आहे. तारीख सांगा."

अशी आम्ही दोघांनी एकाच दिवसाची तारीख पाळकांकडून घेतली. घरी मी ताईला सांगितलं. ताई माझी मोठी बहीण. तिला लवकर वैधव्य आलं आणि मला बायको कधी आलीच नाही, म्हणून आम्ही दोघं एका घरात होतो. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "देव बदलायला निघालाय! चप्पल बदलायची तर सहा महिने लागतात याला."

"ताई, मी गंभीरपणे बोलतोय."

"मग गंभीरपणे ऐक. मी मेल्यावर कर काय ते."

मला ते वाक्य फार उपयोगी पडलं. पाळकांना सांगायला, स्वतःला सांगायला. बहिणीचं मन मोडवत नाही, हे कारण किती सभ्य दिसतं! पण पाळकांनी तारीख मोडली नाही. म्हणाले, "अजून महिना आहे. बघू."

त्या महिन्यात त्यांनी मला एक काम दिलं. पाण्यात उतरण्याआधी विचारायचे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं खुर्चीवाल्यांना नकलून द्यायची होती. एक पानही भरणार नव्हतं. मी वाचनालयातच बसून टोचलं. पहिली तीन उत्तरं हातासरशी झाली. नकलनवीस दिवसभर दुसऱ्याचंच 'मी' लिहीत असतो. खुनी माणसाचं आत्मचरित्र टोचलं म्हणून काही आपण खुनी होत नाही. चौथा प्रश्न असा होता: काहीही मागे न ठेवता तू स्वतःला देतोस का? खाली एका शब्दाचं उत्तर. देतो. आमच्या लिपीत त्याचे ठिपके होतात बारा.

बारा ठिपके टोचले, कागद उलटवला आणि तपासायला लागलो. एरवी मी डोळ्यांनी तपासतो. त्या दिवशी का कोण जाणे, डोळे मिटून बोट फिरवलं. तीन उत्तरांपर्यंत ते दुसऱ्याचं लिखाण होतं. चौथ्यावर बोट थांबलं. तो शब्द माझाच होता, माझ्या हातचा, आणि तो खरा नव्हता. मी काय काय मागे ठेवणार होतो ते एका क्षणात समोर उभं राहिलं: शेवटच्या रांगेतली खुर्ची, दाराजवळची. कुणी काही विचारलं तर 'मी आपला असाच येतो' म्हणायची सोय. ताईच्या नजरेतला चांगला धाकटा भाऊ. माझा एकटेपणा, जो मला कितीही नकोसा झाला तरी माझा होता.

आमच्या कामाचा पहिला नियम असा की नकलनवीसाने मजकुरात पदरचं काही घालू नये आणि काही काढू नये. एकोणतीस वर्षांत मी तो एकदाच मोडला. अंगठ्याच्या नखाने बारा ठिपके एकेक करून दाबले, कागद घडी न घालता पाकिटात सरकवला आणि पाठवून दिला. मनात म्हटलं, पाळक तोंडी सांगतील उत्तर. त्यात काय एवढं. माझ्या मित्राचं बोट काय प्रतीचं आहे, हे जगात कुणाला ठाऊक असायला हवं होतं तर ते मला.

मग ते पत्र आलं.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. 'नजरचुकीने राहिलं' असं टोचलं आणि दाबलं. 'समक्ष भेटून सांगतो' असं टोचलं आणि दाबलं. शनिवारी ते येतील म्हणून मी शनिवारची रजा टाकायला लागलो. त्या दिवशी माझ्या जागेवर बसणाऱ्या बाई खुर्चीवाल्यांना पुस्तकं बदलून देत. सोमवारी मला सांगत, "तुमचे खुर्चीवाले विचारत होते, वाळवीला औषध मारलं का काय म्हणून."

ठरलेली तारीख आली. खुर्चीवाल्यांनी ती पुढे ढकलली. दुसरी ठरली, तीही ढकलली. तेव्हा पाळक वाचनालयात आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले, बसले नाहीत.

"ते म्हणतात कागद अपुरा आहे," पाळक म्हणाले.

"तुम्ही उत्तर सांगा ना त्यांना. एक तर शब्द आहे."

"सांगितलं. ते म्हणाले, शब्द मला पाठ आहे हो, मला तो त्यांच्या हातचा हवाय." पाळकांनी टेबलावरची टोचणी उचलली, बघितली आणि खाली ठेवली. "तुम्हाला जमत नसेल तर तसं कळवा. 'नाही' हेही उत्तरच असतं. माणूस तुमच्या पायी दारात उभा आहे."

"कळवतो," मी म्हणालो. आणि कळवलं नाही. 'होय' लिहायला जेवढं धैर्य लागतं तेवढंच 'नाही' लिहायला लागतं, हे मला त्या वर्षी समजलं.

दहा महिने माझी वाट बघून खुर्चीवाले एकटेच पाण्यात उतरले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. दाराजवळच्या खुर्चीवरही बसलो नाही. खांबाच्या आड उभा राहिलो. वेदीसमोरच्या फळ्या काढल्या होत्या आणि खाली हौद होता, कमरेएवढ्या पाण्याचा. खुर्चीवाल्यांना पांढरा सदरा घातला होता, तो त्यांना लांब होत होता. पाळकांचा हात धरून ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. त्यांनी मान लोकांकडे वळवली.

"वाळवीबुवा आलेत का?"

लोक हसले. लहानसं, प्रेमळ हसू होतं ते. वाळवीबुवा कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. पाळकांना मात्र माहीत होतं. त्यांनी खांबाकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. सगळ्या आयुष्याचा 'हो' नव्हे. आलो आहे एवढाच. मी बुटांकडे बघितलं.

पाळक एक क्षण थांबले. मग हलकेच म्हणाले, "सुरू करू या."

तीन प्रश्न झाले. चौथा खुर्चीवाल्यांना विचारला. पाण्याखाली त्यांचं डावं बोट सदऱ्याच्या कडेवरून फिरत असावं असं मला वाटलं; तिथून मला दिसणं शक्य नव्हतं, पण वाटलं. मग ते "देतो" म्हणाले, इतक्या साध्या आवाजात की जणू कुणी त्यांच्याकडे पाणी मागितलं होतं.

मी उरलेलं बघायला थांबलो नाही.

पुढच्या शनिवारी मी रजा टाकली नाही. ते आले, चिंधी सोडली आणि म्हणाले, "झालं बुवा एकदाचं."

"अभिनंदन," मी म्हणालो.

"अभिनंदन कसलं? मला काय बढती मिळालीय?" ते हसले. "पाणी फार गार होतं. तुम्ही असतात तर म्हटलं असतं, आधी तुम्ही उतरा."

मी तिथे होतो, हे सांगायला तो दुसरा दरवाजा उघडला होता. मी खोकलो. म्हणालो, "हवाही गारच आहे यंदा."

त्यांनी बोटाला पुन्हा चिंधी गुंडाळली. पुस्तक घेतलं आणि गेले. पत्राबद्दल त्यांनी मला परत कधी विचारलं नाही. त्यांची बायको डोळस होती; पुढच्या वर्षी ती वारली, तेव्हा भाची त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. निरोप घ्यायला आले तेव्हा मी टेबलावरच होतो. माझा हात हातात घेऊन त्यांनी अंगठ्याच्या नखावरून आपलं बोट एकदा फिरवलं. बस, एवढंच.

ताई नऊ वर्षांनी गेली. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होती. एकदा दुपारी मी तिला पेज भरवत होतो. ती मध्येच म्हणाली, "तुझं ते चर्चचं काय झालं रे?"

"काही नाही. तू म्हणालीस ना."

"मी काय म्हणाले?"

"मी मेल्यावर कर म्हणून."

तिने चमचा हाताने बाजूला केला. माझ्याकडे बघत राहिली. "अरे वेड्या, मी रागावले की काहीही बोलते. तुला जायचं होतं तर जायचंस. मी काय दाराला आडवी पडले होते?" आणि मग, डोळे मिटून, "माझ्या नावावर खपवलंस होय सगळं."

ती गेल्यावर मला वाटलं होतं, आता काही अडणार नाही. नऊ वर्षं जे कारण होतं ते संपलं. पण दार पूर्ण उघडं असतानाही उंबऱ्यावर उभं राहता येतं. तिथे उभं राहून राहून माझे पाय तयार झाले होते. रविवारी जात राहिलो. जुने पाळक निवृत्त होऊन चर्चच्याच मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले, तरी त्यांनीही मला कधी टोकलं नाही. लोक मला सभासदच समजायला लागले. कुणीतरी तर एकदा खुर्च्यांच्या समितीवर घ्यायला निघालं. मी नको म्हणालो आणि ते त्यांनी नम्रतेत जमा केलं.

गेल्या महिन्यात भाचीचं पत्र आलं. शाईचं, साधं.

"मामांना साखरेचा त्रास आहे. दोन्ही हातांच्या बोटांची संवेदना गेली. वर्ष झालं, त्यांना काही वाचता येत नाही. आधी वाटलं कागदच खराब आहेत, म्हणून सगळी पुस्तकं बदलून पाहिली. आता डावं बोट कागदावर ठेवून नुसते बसून राहतात. तुमची आठवण काढतात. वाळवीबुवांचं पत्र आलं का, असं अधूनमधून विचारतात. कुठलं पत्र ते आम्हाला कळत नाही. तुम्ही ठिपक्यांत लिहू नका. साधं लिहा. मी मोठ्याने वाचून दाखवते. संध्याकाळी आम्ही सगळेच त्यांच्या खोलीत बसतो, मुलंसुद्धा. त्यांना आवडतं."

मी ते पत्र वाचलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. त्या बोटाला ते घरजावई म्हणायचे. चाळीस वर्षं जपलेलं एकच बोट. मी बारा ठिपके पाठवले असते तर त्याने ते ओळखले असते, माझ्या हातचे म्हणून. किती जोर लावलाय त्यावरून माझं मनसुद्धा ओळखलं असतं. अठरा वर्षांतली सतरा वर्षं ते बोट जिवंत होतं.

आणि सवयीने काय केलं मी? पाटी काढली. जाड कागद लावला, टोचणी घेतली. दोन ओळी झाल्यावर हात थांबला. त्यांना वाचता येणार नाही हे मला आत्ताच कळलं होतं, आणि तरी मी ठिपक्यांत लिहीत होतो. का, हे कळायला फार वेळ लागला नाही. हे कुणालाच वाचता येणार नव्हतं, म्हणून. मी उत्तर पाठवलं असतं आणि ते कुणापर्यंतही पोचलं नसतं.

साधा कागद घ्यायला चार दिवस लागले. जे लिहायचं ते एक अनोळखी बाई मोठ्याने वाचणार. मुलं ऐकणार. मध्येच कुणीतरी विचारेल, हा वाळवीबुवा कोण, आणि त्याने असं का केलं? ज्या हसण्याला भिऊन मी खांबाआड राहिलो ते हसू आता माझ्या पत्रावर त्या खोलीत फिरणार होतं. पाचव्या दिवशी मी पाळकांच्या खोल्यांकडे गेलो. ते कुंड्यांना पाणी घालत होते.

"मी पाण्यात उतरतो म्हटलं तर चालेल का? या वयात?" मी विचारलं.

त्यांनी झारी खाली ठेवली. "प्रश्न चारच आहेत अजून. वाढवलेले नाहीत."

"चौथ्याला मला अजूनही खात्री नाही."

"तसं त्यांना लिहिलंत का?"

"नाही."

"मग आधी ते लिहा. नव्या पाळकांना मी सांगतो. पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार धरा. नाही आलात तर हौदातलं पाणी काही वाया जात नाही, त्यानेच आम्ही फरशी धुतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं, आणि तुमच्या वतीने गप्प राहिलो. ती माझी चूक होती. मी 'आलेत' म्हणायला हवं होतं."

इतकी वर्षं तेही ते वागवत होते, हे मला माहीत नव्हतं. नळाखाली झारी भरून दिली आणि घरी आलो.

मग लिहिलं. खाडाखोड होती, पण दुसरा कागद घेतला नाही. घेतला असता तर पुन्हा अठरा वर्षं गेली असती.

"खुर्चीवाले, तुमच्या पत्राचं उत्तर. शब्द मी लिहिला होता आणि मीच दाबला. नजरचूक नव्हती. तो माझ्यासाठी खरा नव्हता आणि तुमच्या कागदावर खोटं नको म्हणून दाबला, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं असं की मला भीती वाटली. तुम्हाला मी दहा महिने दारात उभं केलं. ज्या दिवशी तुम्ही विचारलंत, वाळवीबुवा आलेत का, त्या दिवशी मी आलो होतो. डावीकडच्या तिसऱ्या खांबामागे होतो. तुमचं 'देतो' मी ऐकलं. नंतर तुम्ही वाचनालयात आलात तेव्हाही मी सांगितलं नाही. हे तुमची भाची वाचते आहे आणि मुलं ऐकत आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनीही ऐकावं.

"पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी पाण्यात उतरायचं ठरवलं आहे. चौथ्या प्रश्नाला माझ्या तोंडून काय निघेल ते मला आज सांगता येत नाही. सगळं देतो म्हणायला माझ्याकडे आता उरलंय काय, हाही प्रश्न आहे. द्यायच्या वेळी भरपूर होतं. जे मागे ठेवलं त्यातलं बरंचसं ठेवल्या जागीच कुजलं. पण विचारतील तेव्हा मी समोर असेन, खांबामागे नाही. तुमचं बोट वाचत होतं तेव्हा मी हे लिहिलं नाही, याची क्षमा मागतो. ती मिळावी असा माझा हक्क नाही."

खाली मी माझं खरं नाव लिहिलं. मग वाटलं, खोलीत कुणाला कळणार नाही. म्हणून शेजारी वाळवीबुवा असंही लिहिलं.

आज सकाळी टपाल कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने मला बघून सवयीने विचारलं, "काका, ठिपक्यांचं ना? त्याला तिकीट लागत नाही."

"नाही. साधं पत्र आहे. कुणालाही वाचता येईल असं."

त्याने वजन केलं, तिकीट दिलं. मी ते जिभेने ओलं करून लावलं. माझ्या मागे एक बाई पार्सल घेऊन खोळंबल्या होत्या, त्यांना वाट द्यायला मी बाजूला झालो आणि बाजूला होता होता पाकीट पेटीत टाकलं.